मोजणाऱ्या बाईची वही

मेरीलँडमधल्या मक्याच्या शेतांमागे
एक जुनी कोठी होती, गोठ्यासारखी.
तिच्यात पत्र्याची चौकोनी पेटी, माणसाच्या खांद्याएवढी उंच,
आणि पेटीत उंदरांसाठी बांधलेलं नंदनवन.
मांजर नाही, हिवाळा नाही,
दाणा संपत नाही, पाणी आटत नाही.
फक्त दार नाही.

ओझेला गेदरचं काम मोजायचं.
दर मंगळवारी ती शिडीवरून आत उतरे,
पँटचे पाय घोट्याशी रबराने आवळून,
आणि ब्रशच्या टोकाने पाठीवर रंग लावी:
निळा, हिरवा, निळ्यावर पिवळा.
पहिल्या आठांना तिने नावं दिली होती.
साठांना रंग पुरले.
सहाशेनंतर वहीत नुसत्या रेघा.

एके ठिकाणी, तारखेखाली:
‘दोन हिरवे ठिपके. पिल्लू तोंडात धरून निघाली.
अर्ध्या वाटेत खाली ठेवलं.
विसरली.’
पुढचं पान पाणी लागून फुगलेलं.

वरच्या खोल्या रिकाम्याच होत्या,
हे कुणी लिहून घेत नव्हतं म्हणून तिने लिहिलं.
सगळे एकाच कोपऱ्यातल्या दाण्यापाशी खेटून.
पलीकडच्या कोपऱ्यात तोच दाणा, तीच चव,
पण सवय लागली होती
दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून खायची
आणि खाता खाता चावायची.

मग ते देखणे आले.
अंगावर ओरखडा नाही, शेपटीला कुणाचा दात नाही.
भांडत नसत. मादीकडे वळत नसत.
खात, झोपत, आणि स्वतःला चाटत बसत
आरशासमोर बसावं तसे,
आरसा नसताना.
फोटोग्राफरला तेच आवडले.

फोटोग्राफरमागोमाग शहरातून टायवाले आले,
कोठीच्या वासाने रुमाल नाकाशी.
लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात;
यांनी उंदीर पोखरून डोंगर काढला.
म्हणाले, शहरं अशीच मरणार.
म्हणाले, काही वस्त्यांत मुलं फारच होतात.
तेव्हा एकाची नजर ओझेलाकडे वळली
आणि पटकन पाण्याच्या बाटल्यांवर गेली.

ती बाटल्या भरत होती. भरत राहिली.

बाल्टिमोरला त्यांच्या दोन खोल्यांत अकरा माणसं.
व्हर्डीमावशी खोकली की सगळे एकदम कूस बदलत.
रस्त्यापलीकडे घरं रिकामी होती, पांढऱ्या पायऱ्यांची;
त्यांच्या खिडकीतल्या पाट्या त्यांच्यासाठी नव्हत्या.
पण कुणी कुणाचं मूल
अर्ध्या वाटेत खाली ठेवलं नाही.
म्हणजे, एकदा ठेवलं होतं,
जानेवारीत, बसथांब्यावर, धाकट्या लेम्युएलला.
समोरच्या न्हाव्याने उचललं,
नाव विचारलं, पाव दिला,
आणि संध्याकाळी दुकान बंद करून घरी आणून सोडलं.
आई रागावली ती न्हाव्यावरच.

हे वहीत नाही.
उंदरांच्या वहीत कशाला असेल?

वहीत आहे तो शेवटचा मंगळवार.
‘आज एक. मोजण्यासारखं काही नाही. मोजली.’
तिने त्या उंदरीला ओंजळीत घेऊन बाहेर आणलं,
मक्याच्या कडेला गवतावर ठेवलं.
वारा होता. कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.
उंदरी पळाली नाही.
पत्र्याच्या पेटीएवढ्या जागेत गोल फिरली,
जिथे भिंत असायची तिथे वळली,
मग कुशीवर ओघळलेला जुना निळा रंग
चाटत बसली.

मागच्या पानावर एक पत्ता आहे:
लेम्युएल, चौदावा मजला, लिफ्टच्या डावीकडे.
नवी इमारत. स्वतंत्र खोली, स्वतंत्र नळ,
भिंत इतकी जाड की शेजाऱ्याचा खोकला येत नाही.
चेक टपालाने येतो.
केस नीट विंचरून खुर्चीत बसलेला असतो, लिहिलंय तिने,
आणि खाली, दर रविवारी गेल्याची एक रेघ.

रेघा आधी दाट आहेत.
मग महिन्याला दोन. मग एक.
शेवटच्या ओळीत तिने पेन्सिलीला टोक केलेलं दिसतं;
भुसा अजून पानाच्या घडीत आहे.